वाचकांचे प्रश्न: अंतर तेहतीस मिनिटांचं, तिकीट सत्तर मिनिटांचं

दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाला लागणारा वेळ यावर इतकी पत्रं आली आहेत की हा सगळा अंक त्याच विषयाला दिला आहे. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की मी सव्वीस वर्षं डिस्पॅचर म्हणून काम केलं. विमान जमिनीवर असतानाच त्याचा मार्ग, इंधन, वजन आणि वेळ यांचा हिशोब मांडायचा आणि त्या कागदावर वैमानिकाबरोबर स्वतःची सही करायची, हे माझं काम होतं. माझी बहुतेक वर्षं पंख्यांच्या विमानांवर गेली. त्यांना आम्ही टर्बोप्रॉप म्हणतो. त्यामुळे हे प्रश्न माझ्या अगदी जवळचे आहेत.

प्रश्न: ताई, मी सातवीला भूगोल शिकवतो. अक्षांश-रेखांश शिकवताना हिशोब सोपा व्हावा म्हणून फळ्यावर दोन विमानतळ मांडले. एक ५९ अंश उत्तरेला, दुसरा ६१ अंश उत्तरेला, आणि दोघांच्या रेखांशांत ३ अंशांचा फरक. मुलांनी अंतर काढलं २७७.५ किलोमीटर. तेवढ्या अंतरावर उडणाऱ्या टर्बोप्रॉपचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो हे मी वाचलं होतं. भागाकार केला, तेहतीस मिनिटं आली. मग साधारण तेवढ्याच अंतराच्या एका खऱ्या उड्डाणाचं वेळापत्रक मुलांना दाखवलं तर त्यात १ तास १० मिनिटं! वर्ग माझ्याकडे बघत राहिला. आमचं चुकलं कुठे?

उत्तर: सर, आधी तुमच्या वर्गाचं मनापासून कौतुक. अंतर बरोबर आहे. अक्षांशाचा एक अंश सगळीकडे जवळपास १११ किलोमीटरचा असतो, म्हणून दोन अंशांचे २२२. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढाच असतो, पण ध्रुवाकडे जाता जाता तो आकसतो आणि ६० अंशांवर निम्मा होतो. मुलांनी साडेपंचावन्नाला तिनाने गुणून १६६.५ घेतले आणि मग काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढला. एवढ्याशा पट्ट्यात पृथ्वी सपाट धरली तरी चालतं. गोलाई धरून नीट त्रिकोणमितीने काढलं तर २७७.९ येतात, म्हणजे फरक चारशे मीटरचा. हीच रीत पाच-सहा हजार किलोमीटरना लावू नका मात्र. तिथे बृहद्वृत्तच घ्यावं लागतं, म्हणजे गोलावर दोन बिंदूंमध्ये दोरा ताणून धरला तर तो जिथून जाईल ती रेषा.

एखाद्या साइटवर हेच अंतर २७९ दिसेल, तेव्हाही मुलांना घाबरू देऊ नका. पृथ्वी पुरी गोल नाही. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवापाशी ६,३५७. कोणी तिला चेंडू धरतं, कोणी तो चपटेपणाही हिशोबात घेतं, आणि मग किलोमीटरभराचा फरक पडतो. शिवाय विमानतळ म्हणजे काही टाचणीचं टोक नव्हे. प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरवलेला असतो, बहुधा धावपट्ट्यांच्या मध्याजवळ, आणि मोजमाप तिथून होतं. तुम्ही जिथे रांगेत उभे राहता त्या दारापासून नाही.

आता वेळ. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी तुमच्या वर्गाचीच चूक केली होती. मला एका छोट्या टप्प्याचा वेळ काढायला सांगितला. मी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली, भागाकार केला आणि चाळीस मिनिटांचा आकडा अभिमानाने आमच्या वरिष्ठांपुढे ठेवला. त्यांनी आकड्याकडे बघितलंसुद्धा नाही. एकच विचारलं, "धावपट्टी कुठल्या तोंडाची आहे?" मला उत्तर येत नव्हतं. त्यांनी कागद परत दिला.

हा प्रश्न तुमच्या वर्गालाही घ्या. विमान शक्यतो वाऱ्याच्या समोर तोंड करून उडतं आणि समोर तोंड करूनच उतरतं, म्हणजे कमी धावपट्टी लागते. जायचं असेल पूर्वेला आणि वारा पश्चिमेचा असेल, तर विमान आधी पश्चिमेला उडणार, मग वळसा घेऊन पूर्वेची वाट धरणार. तुम्ही खिडकीतून बघता तर गाव भलत्याच बाजूला मागे पडतंय. चार-पाच मिनिटं तिथेच जातात. धावपट्टीच्या टोकाला रंगवलेला मोठा आकडा म्हणजे तिची दिशाच असते, चुंबकीय अंशांतला शेवटचा आकडा सोडून. ०९ म्हणजे ९० अंश, पूर्व. दुसऱ्या टोकाला २७, पश्चिम.

आता तुमच्या २७८ किलोमीटरचा प्रवास माझ्याबरोबर करा. आमच्या भाषेत हे १५० नॉटिकल मैल. आम्ही सगळं नॉटिकल मैलांत आणि नॉटमध्येच मोजतो, म्हणून मीही तसंच लिहिते; पुढे नुसतं मैल म्हटलं की नॉटिकल मैलच समजा. एक नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल.

दार लागलं, चाकांमागचे ठोकळे, म्हणजे चॉक्स, काढले, विमान हललं. तिकिटावरचं घड्याळ या क्षणी सुरू होतं. धावपट्टीच्या टोकापर्यंत जाणं, यादी वाचून तपासण्या करणं, नियंत्रण कक्षाची परवानगी, या सगळ्याला धरा आठ मिनिटं. मग जमीन सुटते आणि विमान चढू लागतं. इथे वर्गाचा मोठा गैरसमज आहे. ताशी ५०० किलोमीटर हा वेग वर पोचून सरळ उडतानाचा. चढताना सगळी ताकद उंची मिळवण्यात जाते आणि वेग बराच कमी असतो. सतरा हजार फुटांपर्यंत चढायला टर्बोप्रॉपला साधारण पंधरा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात ते कापतं जेमतेम ४८ मैल.

दुसऱ्या टोकाचा हिशोब मला फार आवडतो, कारण तो बोटांवर होतो. खाली येताना दर हजार फुटांना तीन मैल लागतात. सतरा हजार फूट, म्हणजे सतरा त्रिक एक्कावन्न मैल. पोचायच्या ५१ मैल आधीच वैमानिकाला उतरायला सुरुवात करावी लागते. वेग सरासरी २२० नॉट धरला तर त्याची झाली चौदा मिनिटं.

मधे उरलं काय? सरळ रेषेचे १५० मैलही पुरत नाहीत, कारण विमान ठरलेल्या बिंदूंवरून, ठरलेल्या हवाई वाटांनी जातं. कुठे लष्करी हद्द टाळायची असते, कुठे डोंगर. १५० चे १६२ झाले असं धरू. त्यातले ४८ चढण्यात गेले, ५१ उतरण्यात, उरले ६३. पूर्ण वेगाने, म्हणजे २७० नॉटने, तेवढं कापायला लागतात चौदा मिनिटं. सर, ज्या वेगाने वर्गाने सगळा प्रवास भागला, तो वेग विमानाला मिळाला फक्त चौदा मिनिटं! पुढे धावपट्टीच्या रेषेत वळून येण्याची सहा आणि उतरल्यावर थांब्यापर्यंतची पाच. आठ, पंधरा, चौदा, चौदा, सहा, पाच: बासष्ट.

तिकिटावर सत्तर आहेत. वरची आठ मिनिटं पुष्कळांना लबाडी वाटतात. मला ती कधीच तशी वाटली नाहीत. वेळापत्रकातला वेळ म्हणजे ब्लॉक टाइम, विमान जागचं हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंत. तो ठरवताना त्या टप्प्याला आजवर खरोखर किती वेळ लागला ते बघतात, ऋतू बघतात, आणि रोज पाळता येईल असा आकडा घेतात. छोट्या मार्गांवरचं विमान दिवसभरात सहा-आठ टप्पे उडतं आणि प्रत्येक थांब्यावर जेमतेम अर्धा तास उभं राहतं. सकाळचा दहा मिनिटांचा उशीर पुसायला मधे फट ठेवली नाही, तर संध्याकाळच्या टप्प्यापर्यंत तो वाढत वाढत तास होतो. ती आठ मिनिटं शेवटच्या विमानातल्या माणसांसाठी असतात.

आणखी एक, कारण मुलं विचारतीलच. जेट पाठवलं तर? त्याचा वेग ताशी ८०० किलोमीटर. पण एवढ्या टप्प्यावर ते पूर्ण वेगाला पोचेपर्यंत उतरायची वेळ होते, आणि दहा हजार फुटांखाली बहुतेक ठिकाणी २५० नॉटची मर्यादा त्यालाही असतेच. वाचतील फार तर दहा मिनिटं, आणि इंधन बरंच जास्त जाळेल. ७० आसनांचं एटीआर ७२ हे टर्बोप्रॉप सुमारे १,३०० मीटरच्या धावपट्टीवरून उडू शकतं. लहान विमानतळांना अशी विमानं लाभली म्हणून ते टिकले, असं माझं मत आहे.

प्रश्न: एकाच दोन विमानतळांमधलं अंतर एका ठिकाणी १५० दिसतं, एका ठिकाणी १७३ आणि एका ठिकाणी २७८. खरं कोणतं?

उत्तर: तिन्ही. पहिले नॉटिकल मैल, दुसरे रस्त्यावरचे मैल, तिसरे किलोमीटर. आकड्यापुढचं एकक वाचल्याशिवाय आकडा वाचू नका. नॉटिकल मैल खलाशांकडून आला. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की एक भाग म्हणजे एक नॉटिकल मैल. १९२९ मध्ये तो १,८५२ मीटर असा ठरवला गेला. वरच्या पत्रातल्या सरांनी अंश घेऊन साठाने गुणलं असतं तर दोन अंशांचे १२०, दुसऱ्या बाजूचे ९० आणि कर्ण थेट १५० आला असता. म्हणूनच हे माप आम्हाला सोडवत नाही.

प्रश्न: माझ्या वेळापत्रकात सुटण्याची वेळ १०.२० आणि पोचण्याची १०.३० लिहिली आहे. दहा मिनिटांचं उड्डाण कसं असेल?

उत्तर: दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या घड्याळाच्या असतात. तुमचं दुसरं विमानतळ एक तास मागे असलेल्या पट्ट्यात असणार. उड्डाण सत्तर मिनिटांचंच आहे. आमच्या खोलीत याच घोळामुळे भिंतीवरचं मुख्य घड्याळ जागतिक प्रमाणवेळेचं असे आणि सगळे कागद त्याच वेळेत भरले जात.

प्रश्न: ताई, माझी मुलगी शिकायला दूर असते. तिच्याकडे जाताना विमानाला नेहमी जास्त वेळ लागतो आणि परत येताना कमी. पूर्वेला येताना लवकर पोचतो, म्हणजे हा पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम का? शेजारचे गृहस्थ म्हणाले, "विमान वर असताना पृथ्वी खालून सरकते." मला ते पटलं, पण मुलगी हसली.

उत्तर: मुलीला सांगा, हसू नकोस, हा प्रश्न मी वैमानिकी शिकायला आलेल्या मुलांकडूनही ऐकला आहे. पण पृथ्वी खालून सरकत नाही. तिच्याबरोबर सगळं वातावरण फिरतं आणि त्या वातावरणातच विमान तरंगतं. पृथ्वीचा पृष्ठभाग विषुववृत्तावर ताशी १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जातो. विमान त्यापासून सुटं झालं असतं, तर पश्चिमेला जायला इंजिन लावायचीही गरज पडली नसती, आणि पूर्वेला जाणारं विमान कधीच पोचलं नसतं.

फरक पाडतो तो वारा. पृथ्वीच्या फिरण्याशी त्याचं नातं आहे, पण आडवळणाने: उष्ण पट्ट्यातली हवा वर चढून ध्रुवांकडे निघते, फिरत्या पृथ्वीमुळे ती पूर्वेकडे वळते आणि मध्य अक्षांशांवर उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे प्रवाह तयार होतात. जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात तातेनो वेधशाळेतून फुगे सोडून हे प्रवाह मोजले. १९२६ मध्ये त्यांनी आपला अहवाल प्रसिद्ध केला, तोही एस्पेरांतो या घडवलेल्या भाषेत, जगाने वाचावा म्हणून. जगाने तो फारसा वाचला नाही. इतक्या काळजीने केलेलं काम असं पडून राहिलं, याचं मला आजही वाईट वाटतं. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर वादळ असताना ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं, ते याच प्रवाहाच्या पाठीवरून.

तुमचं विमान पंख्यांचं असेल तर ते एवढ्या उंच जात नाही, पण ते हळू असतं म्हणून वारा त्याला जास्त जाणवतो. ५० नॉटचा वारा ४५० नॉटने जाणाऱ्या जेटचा नववा भाग खातो, आणि २७० नॉटच्या टर्बोप्रॉपचा जवळजवळ पाचवा.

इथे एक गोष्ट सांगते, ती मला स्वतःला कळायला फार वर्षं लागली. लोक म्हणतात, जाताना गेलं ते येताना मिळालं, फिटंफाट. तसं होत नाही. सरळ उडण्याचा टप्पा ३०० मैलांचा धरा. वारा नसेल तर २७० नॉटने जायला-यायला मिळून १३३ मिनिटं. ५० नॉटचा वारा समोरून आला की वेग २२० आणि वेळ ८२ मिनिटं. परतीला तोच पाठीशी, वेग ३२० आणि वेळ ५६. बेरीज १३८. पाच मिनिटं हरवली. कुठे गेली? समोरचा वारा तुम्ही ८२ मिनिटं सोसला आणि पाठीचा वारा फक्त ५६ मिनिटं मिळाला. जास्त वेळ वाईट वाऱ्यात गेला, म्हणून भरपाई कधीच पुरी होत नाही. अगदी आडवा वारा असला तरी थोडं नुकसान होतंच, कारण वाहून जाऊ नये म्हणून नाक वाऱ्याकडे तिरकं धरावं लागतं.

प्रश्न: माझं पहिलं विमान पाऊण तासाचं होतं. पुढच्या विमानाला मधे पन्नास मिनिटं होती. पहिलं वीस मिनिटं उशिरा पोचलं आणि पुढचं चुकलं. दोन्ही तिकिटं वेगळी काढली होती म्हणून पैसेही गेले. एवढ्या छोट्या प्रवासात एवढा उशीर होतोच कसा? आणि किती अंतर ठेवायला हवं होतं?

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्याचं कारण सांगते.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका वयस्कर गृहस्थांनी मला फोनवर विचारलं होतं की हा टप्पा किती वेळाचा. मी कामात होते. तोंडातून निघून गेलं, "अर्ध्या तासाचा." हवेतला वेळ तेवढाच होता, म्हणजे मी खोटं बोलले नव्हते. त्यांनी तो आकडा घड्याळात मिळवून पुढचं तिकीट काढलं. पुढचं विमान त्यांच्या डोळ्यांदेखत मागे सरकलं. आजारी बहिणीला भेटायला निघाले होते ते, आणि दुसऱ्या दिवशीच पोचू शकले. माझ्यावर ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "बाई, तुम्ही अर्धा तास म्हणाला होता." त्यानंतर मी कोणालाही नुसता हवेतला वेळ सांगितलेला नाही.

छोट्या उड्डाणाला उशीर जास्त झोंबतो, कारण उशिराचे तुकडे अंतराप्रमाणे लहान होत नाहीत. उतरायला गर्दी असली की विमानाला हवेत थांबवून ठेवतात. ते लांबट वर्तुळात फिरतं: एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण, पुन्हा एक सरळ, एक वळण. एक फेरी म्हणजे चार मिनिटं. पाच फेऱ्या झाल्या की तुमची वीस मिनिटं. बारा तासांच्या प्रवासात वीस मिनिटं मागे पडली तर वाटेत वेग थोडा वाढवून काही परत मिळवता येतात. तुमच्या पाऊण तासात पूर्ण वेगाचा वेळच दहा-पंधरा मिनिटांचा. त्यात काय मिळवणार?

शिवाय पन्नास मिनिटं म्हणून तुम्ही जी धरलीत ती पन्नास नव्हतीच. पोचण्याची वेळ म्हणजे विमान जागेवर थांबण्याची वेळ. त्यापुढे दार उघडायचं, उतरायचं, वेगळं तिकीट असल्यामुळे सामान पट्ट्यावरून घेऊन पुन्हा द्यायचं, पुन्हा सुरक्षा तपासणी. आणि पुढच्या विमानाची सुटण्याची वेळ म्हणजे ते हलण्याची वेळ. त्याचं दार त्याआधी बंद होतं आणि सामान घेणं त्याच्याही बरंच आधी. दोन्ही बाजूंनी पन्नास मिनिटं कुरतडली जातात.

माझा सल्ला स्पष्ट आहे. शक्य असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर काढा. प्रत्येक विमानतळाची मधल्या थांब्याची किमान वेळ ठरलेली असते, त्यापेक्षा कमी वेळात एक तिकीट तयारच होत नाही, आणि पहिल्या विमानामुळे दुसरं चुकलं तर पुढे पोचवण्याची जबाबदारी कंपनीवर येते. वेगळी तिकिटं काढावीच लागली, तर मधे तीन तास ठेवा. मी स्वतः तेवढेच ठेवते. पुढचं विमान दिवसातलं शेवटचं असू नये. पहिलं विमान सकाळचं घ्या, कारण दिवसाचा साचलेला उशीर त्याच्यावर नसतो. थंडीत धुक्याच्या ठिकाणी मात्र उलट, तिथे धुकं विरल्यावरचं दुसरं विमान बरं.

प्रश्न: अंतर फार कमी असेल तर विमानाने जाण्यात अर्थ आहे का?

उत्तर: मधे काय आहे त्यावर आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे यांच्यामधलं नियमित उड्डाण जगातलं सगळ्यात छोटं मानलं जातं. अंतर सुमारे २.७ किलोमीटर, वेळापत्रकात दोन मिनिटं, आणि वारा चांगला असताना ५३ सेकंदांतही ते झालेलं आहे. १९६७ पासून ते चालू आहे, कारण मधे समुद्र आहे. तिथल्या लोकांना हा विक्रम नको आहे, त्यांना डॉक्टर आणि शिक्षक वेळेवर हवे आहेत.

मधे पाणी नाही, डोंगर नाही, रस्ता किंवा रेल्वे नीट आहे, आणि अंतर दोनशे किलोमीटरच्या आत आहे, तर मी विमानाने जात नाही. इतकी वर्षं विमानांत काढूनही जात नाही. सत्तर मिनिटांच्या आधी दीड-दोन तास आणि नंतर निदान अर्धा-पाऊण तास लागतोच, अंतर कितीही कमी असो. नकाशावरची सरळ रेषा रस्त्याला लागू पडत नाही हेही खरं. वाटेत मोठी खाडी किंवा घाट असला की रस्ता त्या रेषेच्या दीडपटही होतो. म्हणून तुलना करताना घराच्या दारापासून त्या दारापर्यंतचे तास मांडा, दोन्ही वाटांचे.

प्रश्न: मी सातवीत आहे. आमच्या सरांनी तुम्हाला पत्र लिहिलं आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. वैमानिकाला किती अंतर राहिलं ते कसं कळतं? ढगात तर काहीच दिसत नाही.

उत्तर: बाळा, पत्र तू वेगळं पाठवलंस हे फार बरं केलंस. आता विमानातला संगणक उपग्रहांकडून जागा समजून घेतो आणि उरलेलं अंतर दाखवत राहतो. पण त्याच्या आधीपासूनचं एक यंत्र अजून वापरात आहे, त्याला डीएमई म्हणतात. विमान जमिनीवरच्या केंद्राला रेडिओची हाक देतं, केंद्र ओ देतं. हाक आणि ओ यांच्यामध्ये किती वेळ गेला त्यावरून अंतर कळतं. विहिरीत ओरडून प्रतिध्वनीची वाट बघतात ना, तसंच. फक्त इथे प्रकाशाच्या वेगाने.

यात एक गंमत आहे. हे यंत्र जमिनीवरून मोजत नाही, तिरकं मोजतं, विमानापासून थेट केंद्रापर्यंत. एक नॉटिकल मैल म्हणजे सुमारे ६,०७६ फूट. विमान अठरा हजार फुटांवर असेल आणि बरोबर केंद्राच्या डोक्यावर असेल, तर खरं म्हणजे अंतर शून्य. यंत्र काय दाखवेल? जवळजवळ तीन! ते तीन मैल उंचीचे आहेत.

आता तुला एक काम देते. तू किंवा वर्गातलं कोणी विमानाने गेलं, तर खिडकीजवळ बसून पाच वेळा घड्याळ बघायचं आणि वहीत लिहायचं. विमान जागचं हललं तेव्हा. जमीन सुटली तेव्हा. इंजिनाचा आवाज एकदम हलका झाला आणि कानात दडे बसू लागले तेव्हा, तिथून उतरणं सुरू होतं. चाकं टेकली तेव्हा. आणि विमान पुरतं थांबलं तेव्हा. तिसऱ्या आणि चौथ्या आकड्यातला फरक सरांना दाखव आणि विचार, माझ्या हिशोबातल्या चौदा आणि सहा मिनिटांशी तो किती जुळतो. नाही जुळला तर धावपट्टीचा आकडा बघून ठेव आणि वारा कुठून होता ते लिही. पाचही आकडे मला पाठव, मी हिशोब करून उत्तर देईन.